सहाव्या ओळीत काय लिहायचं

वहिनी,

केमिस्ट्रीचा पेपर चांगला गेला. इराच्या भाषेत ‘ग्रँड’; इथे जे काही ठीक असेल त्याला हाच शब्द. हे आधी सांगतो, कारण तुम्ही असतात तर फोन उचलल्या उचलल्या तेच विचारलं असतंत. मी ‘बरा गेला म्हणते’ असं म्हटलं असतं, आणि तुम्ही ‘म्हणते म्हणजे? तुम्हाला काय वाटते?’ असं खोदून विचारलं असतंत.

पेपर दुपारी दोनला होता. दादाचा फोन सकाळी साडेसहाला आला. मधले साडेसात तास मी घरात असा वावरलो, की नाटकात काम केलं असतं तर पहिल्याच अंकात हाकलून दिलं असतं. मेधाचे डोळे लाल होते. तिने इराला सांगितलं, हे-फीवर, फुलांच्या परागांची ॲलर्जी. जून महिना होता, आयर्लंडमध्ये जूनमध्ये निम्मा देश शिंकत असतो, त्यामुळे ते खपलं. मी पोहे केले, जे मी कधीही करत नाही, आणि तेही खपलं. परीक्षेच्या दिवशी आईबाप विचित्र वागतात हे मुलांनी गृहीतच धरलेलं असतं.

परीक्षा संपल्याशिवाय सांगायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. कोणी केला माहीत नाही, पण तो सगळ्यांना पाठ असतो. माझ्या दहावीच्या वेळी आईने आजोबांना असंच चार दिवस जिवंत ठेवलं होतं. भूगोलाचा पेपर झाला आणि मग ते वारले. तेव्हा मी आईवर फार चिडलो होतो. आता बघा.

पाच वाजता शाळेच्या फाटकाबाहेर गाडीत बसल्यावर इराला सांगितलं. तिने ओढलेला सीटबेल्ट सोडून दिला. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी आत बसून इक्वेशन्स बॅलन्स करत होते, आणि काकू ऑलरेडी गेली होती?’’ एवढं सलग मराठी ती वर्षभरात बोलली नसेल. त्यानंतर शुक्रवारी तुमच्या अंत्यविधीला कॉर्कला पोचेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पण मला लिहायचंय ते जानेवारीबद्दल. आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि ते आता एकट्यानेच पुरं करायचं आहे.

संक्रांतीच्या शनिवार-रविवारी तुम्ही आणि दादा आमच्याकडे डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला आला होतात. इराचं लीव्हिंग सर्टचं वर्ष, म्हणजे आपली बारावी, आणि अर्जाची मुदत पंधरा दिवसांवर. इथली पद्धत तशी साधी. एकच अर्ज, त्यात दहा ओळी, प्रत्येक ओळीत एक कॉलेज आणि एक कोर्स, आपल्या आवडीच्या क्रमाने. निकाल लागला की वरून खाली बघत येतात. जी पहिली ओळ तुमच्या गुणांत बसेल ती तुमची, तिच्याखालच्या सगळ्या रद्द. इराला मेडिसिन हवं होतं. मेडिसिन पाच ठिकाणी, म्हणून पहिल्या पाच ओळी ठरलेल्या. प्रश्न होता सहावीचा.

माझ्या मते प्रश्न नव्हताच. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. मागच्या काही वर्षांचे गुण काढून मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता, रंग भरले होते. मेडिसिनच्या खाली दातांचं, त्याखाली फिजिओथेरपी, मग फार्मसी, मग बायोमेडिकल. जे मिळायला जास्त कठीण ते वर. दादाने तक्ता बघून मान डोलावली. पुण्यात वाढलेल्या दोन माणसांना यात काही चूक दिसणं शक्यच नव्हतं.

तुम्ही तिळगुळाचं ताट हातात घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात.

‘‘काय करून राहिले भाऊजी?’’

‘‘इराचा पसंतीक्रम.’’

‘‘ही पसंती आहे?’’ तुम्ही वाकून बघितलंत. ‘‘ही तर उतरती भाजणी आहे. पोट्टीला मेडिसिनचं उष्टं वाढून राहिले तुम्ही.’’

‘‘वहिनी, दातांचे डॉक्टर ऐकतील.’’

‘‘ऐकू द्या नं. ज्याला दात आवडतात तो पहिल्या ओळीत दात लिहिते. ते उष्टं नाही. हे उष्टं आहे.’’

आणि तुम्ही तिळगुळाचा चिकट पंजा सरळ माझ्या स्क्रीनवर ठेवलात. पहिल्या पाच ओळी झाकल्या गेल्या. ‘‘इरा, इकडे ये. वरचं जगात नाहीच, असं समज. आता खालचं वाच आणि सांग, यातल्या कशासाठी तू सकाळी उठशील?’’

इराने वाचलं. ‘‘नन ऑफ देम, काकू.’’

‘‘मग काय लिहिशील?’’

‘‘आयरिश.’’

मी हसलो. हसण्याची गोष्टच होती. घराजवळच्या आयरिश माध्यमाच्या शाळेत जागा होती, एवढ्याच कारणाने आम्ही तिला तिथे घातलं होतं. परिणाम असा, की पोरीला मराठी समजतं, ती बोलते इंग्रजीत आणि झोपेत भांडते आयरिशमध्ये. दर उन्हाळ्यात तीन आठवडे ती पश्चिमेकडे एका खेड्यात आयरिश बोलायला जाते, तिथे पाऊस खाते आणि खूश होऊन परत येते. हे सगळं ठीक होतं. छंद असावा माणसाला. पण पदवी?

‘‘अगं, इथल्या लोकांनाच ती शाळेत सक्तीने शिकावी लागते,’’ मी म्हणालो. ‘‘सुटका झाली की आनंदाने विसरतात.’’

‘‘मग काहून नाही शिकायची?’’ तुम्ही म्हणालात. ‘‘कोणतीही पदवी घेऊन मागून चार वर्षांचं मेडिसिन करता येते इथे. तुमच्याच तक्त्यात खाली बारीक अक्षरात लिहून ठेवलंय तुम्ही.’’

‘‘म्हणजे चार आणि चार आठ वर्षं. आणि मागून नाहीच मिळालं तर?’’

‘‘तर आयरिश येईल तिला.’’

तेव्हा मी ते वाक्य बोललो. बोलताना ते मला चांगलं वाटलं होतं, हे कबूल करतो. मी म्हणालो, ‘‘वहिनी, तुमचं मेडिकल हुकलं, म्हणून तुम्हाला दुसऱ्या नंबरचं एवढं कौतुक. त्याला समाधान म्हणत नाहीत, सवय म्हणतात.’’

दादाने माझ्याकडे बघितलं. मेधाने बघितलं. तुम्ही वळलात, प्रेस उघडलंत (कॉर्कला गेल्यापासून कपाटाला तुम्ही प्रेसच म्हणत आलात, कोणाच्याही घरी) आणि पाठमोऱ्या होऊन बराच वेळ आत काहीतरी शोधत राहिलात. तुमचे खांदे जरा हलत होते. मला वाटलं, संपलं, रडवलं मी हिला.

माफी मागायला हवी होती. मी ताट उचलून ठेवलं. आमच्या घरात ताट उचललं की माफी मागितली असं धरतात. स्क्रीनवरचा पंजा दुसऱ्या दिवशी पुसला. सहाव्या ओळीत दात लिहून अर्ज पाठवला. इराने वाद घातला नाही, आणि मी तिचं पटलं असं समजलो.

दोन मार्कांची गोष्ट आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच दादाने मला ती सांगितली होती, नव्या गाडीचं मायलेज सांगावं तशा अभिमानाने. तुमचे बाबा दारव्ह्याला हेडमास्तर. मुलगी डॉक्टर होणार, हे त्यांनी गावाला आधीच सांगून टाकलेलं. इतकंच नाही, ‘डॉ. कु. शुभदा’ अशी पाटीही रंगवून घेतलेली. आणि मग नागपूरचं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं. पाटी माळ्यावर गेली, तुम्ही अमरावतीला मायक्रोबायोलॉजीला गेलात. पुढे तुम्ही पीएच. डी. झालात तेव्हा बाबांनी पाटी खाली काढली, ‘कु.’वर रंग फासला आणि दाराला लावली. दुसऱ्या दिवसापासून लोक खोकला घेऊन येऊ लागले. बाबा सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगत. तुम्ही म्हणायचात, निम्मे बरेही झाले.

गोष्ट इतकी सुबक होती की मला कधी शंका आली नाही. एरवी मी वर्तमानपत्रातली तारीखसुद्धा तपासून घेतो.

कॉर्कच्या खाडीतल्या त्या लहानशा बेटावर तुमचं दाहगृह आहे, हे तुम्हाला आवडलं असतं. पूल ओलांडून जावं लागतं. तुमच्या औषध कंपनीचे मोठे साहेब आले होते, काळा सूट, हातात कागद. त्यांनी सांगितलं की तुम्ही ‘गुणवत्तेच्या प्रवासातल्या दीपस्तंभ’ होतात. मी तुमच्या वतीने खाली बघितलं. मला माहीत असलेल्या वहिनी एका बंद खोलीतल्या हवेत ठेवलेल्या काचेच्या बशीवर जंतूंचा एक ठिपका उगवला, तर सगळं काम थांबवून साहेबांना विचारत, ‘‘हा इथे काहून आला?’’ आणि साहेबांना दीपस्तंभाच्या जागी दुसरंच काहीतरी आठवत असणार. मग ओळीने तुमचे शेजारी आले, प्रत्येकाने दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’’ चार शब्द, पुढचा माणूस. इतकं नेमकं सांत्वन मी आपल्याकडे ऐकलेलं नाही.

नंतर तुमच्या घरी सँडविच आणि चहा. शेजारच्या बाईंना दादा तुमच्याबद्दल सांगत होता, आणि अर्थातच त्याने दोन मार्क काढले. इंग्रजीत ते जास्तच करुण वाटत होते. ‘‘टू मार्क्स!’’ बाईंनी गालावर हात ठेवला. समोर इरा बसली होती. ती एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागली. ती लाज वाटली की बुटांकडे बघते, लहानपणापासून. मला कळेना, हिला आत्ता कसली लाज?

परतीच्या वाटेवर मोटरवेवरच्या पंपावर चहाला थांबलो. मेधा आत गेली होती. इरा म्हणाली, ‘‘बाबा, टू मार्क्स वॉज अ लाय.’’

मार्चमध्ये ती तुमच्याकडे चार दिवस अभ्यासाला आली होती, तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत. तिने विचारलं होतं, ‘‘वेअर यू सॅड, काकू?’’ आणि तुम्ही सांगून टाकलंत. प्रवेशअर्जांची पाकिटं दोन होती. एक नागपूरला मेडिकलचं, रजिस्टर पोस्टाने पाठवायचं. एक अमरावतीच्या कॉलेजात नेऊन द्यायचं. त्याच्या आधी कॉलेजातल्या बाईंनी दह्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला होता, आणि तुम्हाला वाटलं होतं की इतकं सगळं चालू आहे आणि कोणी आपल्याला सांगितलं कसं नाही. तुम्ही एकच पाकीट दिलंत, अमरावतीचं. यादी लागायच्या सुमाराला घरी कळवलंत, दोन मार्कांनी गेलं. बाबांनी गावाला काय सांगायचं, एवढीच तुम्हाला काळजी होती.

मी चहा गार केला. किती प्रश्न विचारले मी त्या पोरीला! दुसऱ्या पाकिटाचं काय केलं? माहीत नाही. बाबांना कधी कळलं? माहीत नाही. दादाला?

‘‘काका डझन्ट नो. काकू म्हणाली, त्याला ती गोष्ट फार आवडते.’’

‘‘आणि तुला काहून सांगितलं?’’ हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणालो, ‘‘तुलाच का?’’

‘‘बिकॉज मीच विचारलं,’’ इरा म्हणाली. ‘‘तू तिला ते बोललास ना, त्या दिवशी? काकू म्हणाली, शी वॉज लाफिंग, बाबा. प्रेसमध्ये तोंड घालून.’’

वहिनी, पाच महिने मी ते खांदे डोळ्यांसमोर घेऊन फिरलो. पाच महिने तुमचा फोन आला की आधी दादाची चौकशी करायचो. आणि तुम्ही हसत होतात! बरं वाटलं आणि फार राग आला, दोन्ही एकदम. नंतर रात्रभराचा विचार असा, की इराला तुम्ही जे सांगितलंत तेच खरं कशावरून? जी बाई बापाला वाचवायला दोन मार्क बनवते, ती दिराला वाचवायला एक हसू बनवणार नाही? तुम्ही असतात तर विचारलं असतं. नसतंही विचारलं. ताट उचललं असतं.

या अर्जाची एक सोय मला नेहमी गंमतशीर वाटत आली. त्याला ‘चेंज ऑफ माइंड’ म्हणतात. जुलैच्या पहिल्या तारखेपर्यंत मन बदलायची सरकारमान्य मुभा. त्यानंतर मन बदललं तरी ते तुमचं तुमच्यापाशी. पहिली तारीख सोमवारी होती; संध्याकाळी मुदत संपायच्या आत इराने मला स्वयंपाकघरात बोलावलं. लॅपटॉप उघडा होता.

‘‘बाबा, हात ठेव.’’

मी समजलो. पहिल्या पाच ओळींवर हात ठेवला. तिने खालच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. दात, फिजिओ, फार्मसी, माझे सगळे रंग. सहाव्या ओळीत आयरिशचा कोड लिहिला. खाली चार ओळी रिकाम्या. मला रिकामी ओळ बघवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी काहीतरी बोलणार होतो.

‘‘आता हात काढ,’’ ती म्हणाली. ‘‘आणि वरचं विचार.’’

‘‘काय विचारू?’’

‘‘काकू विचारायची ते.’’

या देशात डॉक्टर व्हायला मुलाखत नसते. गुण आणि एक वेगळी परीक्षा, झालं. सहा वर्षांपासून आमच्या घरात मेडिसिन चाललंय, शिकवण्या, सराव, तक्ते. हा एक प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मीही नाही. उत्तर नसेल तर काय करायचं, या भीतीने बहुतेक.

‘‘काहून?’’ मी म्हणालो.

‘‘असं नाही. काऽहून.’’ माझ्या पुणेरी तोंडातून आलेला तुमचा शब्द तिने दुरुस्त केला. जिला ‘ळ’ म्हणता येत नाही तिने.

मग तिने सांगितलं. पश्चिमेच्या त्या खेड्यात ती ज्या घरी राहते, तिथल्या म्हाताऱ्या बाई मागच्या उन्हाळ्यात आजारी होत्या. डॉक्टर आला, तरुण, डब्लिनचा. त्याने इंग्रजीत विचारलं, कसं वाटतंय? बाई म्हणाल्या, ग्रँड. तो गेल्यावर इराने आयरिशमध्ये विचारलं. तर त्यांनी कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं सांगितलं. ‘‘आय वॉन्ट टू बी द वन दे टेल,’’ इरा म्हणाली. ‘‘डॉक्टर म्हणून झाले तर बेस्ट. नाही झाले, तरी विचारायला तर येईल.’’

मी म्हणालो, ठीक आहे. बटण तिनेच दाबलं.

तुमच्याशी शेवटचं बोलणं आठवतंय मला. तुम्ही जायच्या आदल्या रविवारी. मी विचारलं, ‘‘आवाज असा का येतोय वहिनी?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘ग्रँड आहे हो भाऊजी. पोट्टीच्या पेपराचं बघा.’’ आणि मी पोट्टीच्या पेपराचं बघायला लागलो. दादा म्हणतो, कोणालाच कळलं नसतं, डॉक्टरांनाही नाही. असेल. पण इराच्या त्या म्हाताऱ्या बाईंची गोष्ट ऐकल्यापासून मला सारखं वाटतंय, मी तुमच्या भाषेत विचारायला हवं होतं. ‘काहून’ म्हटलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत का? की तिथेही एक सुबक गोष्ट मिळाली असती मला?

निकाल ऑगस्टमध्ये. काय होईल माहीत नाही. मेडिसिन मिळालं तर पेढे, नाही मिळालं तर लोक विचारतील, कितीने हुकलं? इराने सांगून ठेवलंय, जे असेल तेच सांगायचं.

दादाला मी काही बोललेलो नाही. काल त्याचा फोन आला. बोलता बोलता पुन्हा तिथेच आला, ‘‘दोन मार्क रे. नुसते दोन.’’ मी म्हणालो, ‘‘हो ना.’’ ती गोष्ट राहू दे त्याच्याकडे. तिला आता दुसरा मालक नाही.

मी मात्र बसल्या बसल्या मांडून बघत असतो. एक म्हणाला असतात तर बाबांनी फेरतपासणीचा अर्ज केला असता. दहा म्हणाला असतात तर अभ्यास केला नाही म्हणून बोलणी बसली असती. दोन अगदी बरोबर आहेत. सतरा वर्षांच्या मुलीला हे सुचलं कसं, याचं नवल वाटतं. पण हे माझं गणित, तुमचं उत्तर नाही. म्हणून, शब्द बरोबर उच्चारता येतो का ते इराला विचारून घेतो आणि विचारतो.

वहिनी, दोनच काहून?